बावीस झाकणांची पदवी

कर्नल रामचंद्र शितोळे यांनी एकतीस वर्षांच्या नोकरीत हजारो माणसांना पहाटे साडेपाचला उठवलं होतं. निवृत्तीनंतर चंदीगडच्या सेक्टर चव्वेचाळीसमधल्या भाड्याच्या घरात त्यांना उठवायला दोनच माणसं उरली. त्यातलं एक, म्हणजे त्यांची पत्नी इंद्रायणी, आधीच उठलेलं असे, आणि दुसरं, म्हणजे कॉलेजात जाणारी मुलगी अक्षरा, काही केल्या उठत नसे. अशा माणसाच्या हाताला काम नसणं घराला परवडत नाही. त्यामुळे एप्रिलच्या एका सकाळी इंद्रायणीबाईंनी चहाबरोबर वर्तमानपत्रातलं एक कात्रण त्यांच्यापुढे ठेवलं, तेव्हा साहेबांच्या पाठीचा कणा आपोआप ताठ झाला.

कात्रणात एका विद्यापीठाची नवी योजना होती. शिक्षण अर्धवट सुटलेल्या माणसाने आयुष्यात जे काम केलं असेल त्याचे पुरावे द्यायचे, विद्यापीठ ते तपासून श्रेयांक देणार, आणि हिशेब पुरा झाला की पदवी. इंद्रायणीबाईंची बी. ए.ची दोन वर्षं बारामतीला झाली होती. तिसऱ्या वर्षाची परीक्षा आणि लग्न एकाच महिन्यात आलं आणि लग्नाने बाजी मारली, कारण तेव्हाच्या कॅप्टन शितोळ्यांना वीसच दिवसांची रजा होती. म्हणजे कमी पडत होते ते चाळीस श्रेयांक.

आणि आता त्यांची खरोखरच गरज होती. गेले आठ महिने इंद्रायणीबाई एका शाळेच्या मुलींच्या वसतिगृहाचं काम तात्पुरतं बघत होत्या. नव्वद मुली, दोन आचारी आणि एक कायम बिघडलेला गीझर त्यांनी असा ताब्यात ठेवला होता, की मुख्याध्यापिकाबाई त्यांना सोडायला तयार नव्हत्या. पण कायम अधीक्षिकेला पदवी लागते. तीस जूनपर्यंत कागद आला तर जागा तुमची, नाहीतर जाहिरात द्यावी लागेल, असं त्यांनी सांगितलं होतं. चोवीस वर्षांत इंद्रायणीबाईंनी सहा शाळांत नोकरी धरली आणि साहेबांच्या बदलीबरोबर सहाही सोडल्या. ही पहिलीच अशी होती जी सोडून कुठे जायचं नव्हतं.

इंद्रायणीबाईंनी खरं तर एवढंच विचारलं होतं, की सेक्टर सतरामध्ये गाडी कुठे लावायची. पण तासाभरात जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला गेला, मोहिमेला सांकेतिक नाव मिळालं आणि अर्जदाराने रोज संध्याकाळी सहा वाजता प्रगती सांगावी असं ठरलं. अक्षरा डोळे चोळत बाहेर आली, तिने नकाशा पाहिला आणि म्हणाली, ‘‘पापा, डिग्री मम्मा की है. आप चिल करो ना.’’ मुलीला मराठी सगळं समजतं पण उत्तर हिंदीत येतं, याचं दुःख साहेबांना होतंच. या वेळी ते उत्तर समजलंच नाही असं ते धरून चालले.

वरच्या मजल्यावर ब्रिगेडियर भुल्लर राहत. दोघेही निवृत्त, दोघांच्याही पायांत रबरी चपला. तरी ब्रिगेडियर हा कर्नलच्या वरचाच असतो, आणि इथे तर तो मजल्यानेही वर होता. त्यांचा सल्ला हा साहेबांना सल्ला वाटतच नसे, हुकूम वाटे. भुल्लरसाहेबांनी लस्सीचा ग्लास खाली ठेवून सांगितलं, ‘‘देख शितोळे, सबूत ऐसा दे कि सामने वाला हिला न सके.’’ मिसेस भुल्लरांनी फोटो जोडा म्हणून सांगितलं. गणपतीत ओळख झालेला मोहालीतला प्रतीक संगणकाची बाजू सांभाळायला आला. त्याने अर्ज भरायला घेतला आणि तिसऱ्याच रकान्यात गाडी अडली. तिथे अनुभव जिथे मिळाला त्या संस्थेच्या प्रमुखाचं ना-हरकत पत्र मागितलं होतं. साहेबांनी क्षणभर विचार केला आणि स्वतःच्या सहीचं पत्र दिलं. हुद्द्याच्या यादीत पती हा हुद्दा नसल्यामुळे संगणकाने ते परत पाठवलं. प्रतीकने बराच शोध घेऊन ‘इतर’ हा पर्याय निवडला. इतर म्हणवून घेण्याची साहेबांची ही पहिलीच वेळ होती, पण मोहिमेसाठी त्यांनी ते सोसलं.

मेच्या पहिल्या आठवड्यात मोहीम सेक्टर सतरात पोचली. कार्यालयाच्या दाराशी एक नोंदवही होती आणि तिच्यात दोनच रकाने होते, अर्जदार आणि सोबत आलेले. सोबत आलेल्यांसाठी भिंतीकडेला वेगळा बाक होता. त्यावर एक आजोबा आणि एक झोपलेलं बाळ होतं. साहेबांना त्या दोघांच्या मध्ये जागा दाखवण्यात आली. ते बसले नाहीत. ते बाकाशेजारी विश्रामच्या स्थितीत उभे राहिले.

खिडकीमागे गुप्ताजी नावाचे कारकून होते. त्यांचा चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला होता आणि तो डोळ्यांवर चढवायच्या आधी ते प्रत्येक कागद एकदा तसाच बघत. साहेबांना राहवेना. ते पुढे झाले आणि त्यांनी स्वतः फाइल उघडून दाखवली. तीत एकतीस प्रशस्तिपत्रं होती, सगळी प्लास्टिकमध्ये घातलेली. पलटणीच्या महिला केंद्रात शिवणवर्ग चालवला, जवानांच्या बायकांना लिहायला-वाचायला शिकवलं, पुराच्या वेळी दोनशे माणसांचा स्वयंपाक केला, अशी एकतीस कामं.

गुप्ताजींनी एकतीस कागद वाचले. मग त्यांचे चार गठ्ठे केले आणि चष्मा काढला.

‘‘सरजी, ये तो चार औरतें हैं.’’

साहेबांनी पुढे वाकून पाहिलं. पहिल्या गठ्ठ्यावर मिसेस कॅप्टन आर. शितोळे होत्या. दुसऱ्यावर मिसेस मेजर, तिसऱ्यावर मिसेस लेफ्टनंट कर्नल आणि चौथ्यावर मिसेस कर्नल.

‘‘और इंद्रायणी जी इनमें एक भी नहीं,’’ गुप्ताजी म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, फक्त चिंता होती.

‘‘चारों मेरी ही बीवी हैं,’’ कर्नलसाहेब म्हणाले. परेडच्या मैदानावर तीस वर्षं वापरलेला आवाज बंद खोलीत लहान करता येत नाही. रांगेतली माणसं वळून बघायला लागली. बाकावरचे आजोबा जरा सरसावून बसले. बाळ जागं झालं.

इंद्रायणीबाईंनी शांतपणे कागद गोळा केले, गुप्ताजींना दुसरं काय चालेल ते विचारलं आणि छोट्या वहीत लिहून घेतलं. अर्जदाराचं स्वतःचं पूर्ण नाव, स्वतःची सही, तारीख, ठिकाण. मूळ प्रत हवी, झेरॉक्स चालणार नाही. एवढं झाल्यावर त्या म्हणाल्या, ‘‘अहो, चला.’’

परतीच्या वाटेवर पाच चौक साहेबांच्या डोक्यात तेच चार गठ्ठे होते. लष्करात बायकांना नवऱ्याच्या नावानेच ओळखतात, त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही, त्यांनाही कधी वाटलं नव्हतं. पण त्या एकतीस कागदांपैकी अकरांवर खाली त्यांचीच सही होती. स्वतःच्या बायकोला प्रशस्तिपत्र देताना त्यांनी अकरा वेळा तिचं नाव लिहिलं नव्हतं. याची त्यांना लाज वाटली. चांगली कानशिलं गरम होण्याइतकी वाटली, आणि गाडीचा एसी चालू होता.

माणसाला लाज वाटली की तो एकतर गप्प बसतो किंवा जास्तच कामाला लागतो. साहेबांनी दुसरा मार्ग धरला. नियमावलीत साक्षीदाराच्या निवेदनाची सोय होती. हाताखालच्या अधिकाऱ्यांचे गोपनीय अहवाल लिहिण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. त्यांनी दिवसभर दार लावून बायकोचा अहवाल लिहिला. नाव, इंद्रायणी रामचंद्र शितोळे. पुढाकार, असामान्य. ताण सहन करण्याची शक्ती, असामान्य. वरिष्ठांशी वागणूक, इथे ते बराच वेळ थांबले आणि मग त्यांनी ‘समाधानकारक’ लिहिलं. शेवटी, एकंदर मत, बढतीस पात्र, यापूर्वीच व्हायला हवी होती.

गुप्ताजींनी तो अहवाल दोनदा वाचला, फारच सुंदर लिहिला आहे म्हणून सांगितलं आणि जवळच्या नातेवाइकाची साक्ष चालत नाही म्हणून परत केला. इंद्रायणीबाईंनी तो गाडीत वाचला. कागदाची नीट चौकोनी घडी करून त्यांनी तो पर्समध्ये ठेवला. गुप्ताजींनी तर तो नको म्हटला होता, मग ठेवला कशाला, हे साहेबांच्या लक्षात आलं नाही.

पेट्यांचा शोध लागला तो त्यानंतर दोन दिवसांनी, आणि तो साहेबांनीच लावला. शितोळ्यांच्या घरात बावीस काळ्या लोखंडी पेट्या होत्या. प्रत्येक बदलीत सगळा संसार त्यांत भरून निघे आणि नव्या गावी त्याच पेट्या एकमेकींना लावून वर गाद्या घातल्या की दिवाण, पलंग, बैठक सगळं तयार होई. लग्नानंतरच्या पहिल्याच बदलीत कॅप्टन शितोळ्यांनी नव्या नवरीला स्थायी आदेश दिला होता. प्रत्येक पेटीत काय आहे याची यादी झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवावी, ती पेटीपासून कधीही वेगळी होता कामा नये, आणि यादी करणाऱ्याने खाली पूर्ण नावाने, तारीख आणि ठिकाणासह सही करावी. बायको हसली होती, पण तिने आदेश पाळला होता. एका बदलीची यादी, तिच्याखाली दुसरीची दुरुस्ती, मग तिसरीची. बावीस झाकणं, तेरा बदल्या, आणि प्रत्येक ठिकाणी तिचं पूर्ण नाव.

साहेबांनी यादी सोडवायला घेतली, पण कागद खळीने चिकटवून वर व्हार्निश मारलेलं होतं. तोही आदेशच होता. ब्लेडने कोपरा उचलला तर तेजपूरमधला एक कुकर फाटून आला. मूळ प्रत हवी आणि मूळ प्रत पेटीपासून वेगळी होत नाही, अशा कात्रीत त्यांना ब्रिगेडियरांचा सल्ला आठवला. त्यांनी बिजागऱ्यांचे खिळे ठोकून काढले आणि बावीसच्या बावीस झाकणं सुटी केली.

त्याच संध्याकाळी भुल्लरसाहेब मोहिमेची खबर घ्यायला खाली आले आणि नेहमीच्या जागी, दिवाणाच्या डाव्या टोकाला, बसले. गादी वर होती पण तिच्याखाली झाकण नव्हतं. ते गादीसकट पेटी क्रमांक नऊमध्ये, रजयांत, कोपरापर्यंत गेले. त्यांना बाहेर काढायला अक्षरा आणि साहेब दोघं लागले. अक्षरा त्या रात्री मैत्रिणीकडे झोपायला गेली, कारण तिचा पलंग म्हणजे चार उघड्या पेट्या होत्या. इंद्रायणीबाईंनी गाद्या जमिनीवर घातल्या आणि विचारलं, ‘‘मला एकदा विचारलं असतंत तर? वसतिगृहात जादा फळ्या पडल्यात, आधी आणून ठेवल्या असत्या.’’ साहेबांनी हा मुद्दा पुढच्या वेळेसाठी टिपून घेतला.

सेक्टर सतराच्या चौकात गाडी आत नेता येत नाही. टेंपो पार्किंगमध्ये थांबला आणि तिथून झाकणं हातांनी वाहून न्यावी लागली. मेच्या उन्हात काळं लोखंड तव्यासारखं तापलं होतं, म्हणून साहेबांनी ओव्हनचे हातमोजे घातले. झाकणाच्या बाहेरच्या बाजूला ठळक पांढऱ्या अक्षरांत कर्नल आर. शितोळे असं रंगवलेलं होतं. तेच नाव बावीस वेळा चौकातून जाताना पाहून लोकांना वाटलं, कुणीतरी निवडणुकीला उभं राहतंय. एका रिकामटेकड्या गृहस्थाने चिन्ह कोणतं म्हणून विचारलं.

गुप्ताजींनी झाकणं पाहिली. तीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्या खिडकीत न मावणारा हा पहिलाच पुरावा होता. ते स्वीकारायला तयार झाले, पण साहेब असेच सोडणार नव्हते. सरकारी जागेत वस्तू ठेवायची तर प्रत्येक नगाची स्वतंत्र नोंद हवी आणि परत देताना प्रत्येक नगावर घेणाऱ्याची सही हवी, असं त्यांनी पाऊण तास समजावून सांगितलं. गुप्ताजींनी निमूटपणे नवी वही काढली आणि ती आखली. आखता आखता त्यांनी चष्म्यावरून साहेबांकडे दोनदा पाहिलं.

तोंडी परीक्षा विद्यापीठाच्या परीक्षक सिद्धू मॅडमनी घेतली. सोबत आलेल्यांना आत सोडत नाहीत, पण झाकणं पालथी करायला माणूस लागेल म्हणून साहेबांना सोडलं. मॅडमनी पहिलं झाकण बाहेरून पाहिलं, आतून पाहिलं आणि विचारलं, ‘‘बाहर से तो बक्सा कर्नल साहब का है. अंदर से किसका है?’’

‘‘अंदर से मेरा,’’ इंद्रायणीबाई म्हणाल्या.

याद्या मराठीत होत्या, पण लिपी हिंदीचीच असल्यामुळे मॅडमना वाचायला जड गेलं नाही. पेटी सात, पहिल्या दिवशी लागणारं. स्टोव्ह, काडेपेट्या दोन, चहा, साखर, सुई-दोरा, अक्षराचं औषध, देव. पेटी अकरा, साक्षरता वर्गाच्या पाट्या, पुराच्या स्वयंपाकाची मोठी पातेली, आणि खाली गावोगावच्या दुरुस्त्या. बबिना, दूध उशिरा येतं, पावडर जादा घेणे. जोधपूर, पाणी एक दिवसाआड. भटिंडा, साहेब तीन आठवड्यांनी येतील असे धरून भरणे. तेजपूर, साहेब नाहीत. मॅडम झाकणामागून झाकण वाचत होत्या आणि साहेब उलटत होते. दहाव्या झाकणाला त्यांच्या लक्षात आलं, की तेरा बदल्यांपैकी नऊ वेळा सामान उतरलं तेव्हा ते तिथे नव्हते. पेट्या नेहमी जागच्या जागी लागलेल्या त्यांना सापडत. त्या आपोआप लागतात असं त्यांनी कधी म्हटलं नव्हतं, पण विचारलंही नव्हतं. त्यांना फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की ते बोलायला लागत.

मॅडमनी विचारलं, वजनाचं गणित कसं बसवलंत? साहेबांनी उत्तर सुरू केलं. दोन वाक्यं झाली असतील, इंद्रायणीबाई हळूच म्हणाल्या, ‘‘अहो, गाडीची काच खाली राहिलीय का बघून या बरं.’’ साहेब पार्किंगपर्यंत जाऊन आले. काच वर होती. मॅडमनी नव्या गावात माणसं कशी जोडलीत म्हणून विचारलं. साहेबांना या विषयावर बरंच सांगण्यासारखं होतं. ‘‘अहो, मागची काच बघितलीत का?’’ साहेब पुन्हा जाऊन आले. तीही वर होती.

मग मॅडमनी बेरीज केली. सामानाचं नियोजन, प्रौढांना शिकवणं, सामूहिक स्वयंपाक, आजारपणाची तजवीज, सगळं मिळून छत्तीस झाले. चार कमी. इंद्रायणीबाईंनी पदर खांद्यावर ओढून घेतला. त्यांचा चेहरा साहेबांनी एवढा उतरलेला सहाव्या शाळेची नोकरी सोडताना पाहिला होता, आणि तेव्हा त्यांनी तो पाहिला नाही असं दाखवलं होतं.

मॅडम म्हणाल्या, आणखी काही अनुभव असेल, बराच काळ केलेला, अवघड, आणि ज्याचा पुरावा मला स्वतःला बघता येईल असा, तर सांगा. साहेबांनी तोंड उघडलं.

‘‘अहो, डिकी,’’ इंद्रायणीबाई म्हणाल्या.

साहेब गेले. डिकी बंद होती. परत येताना काचेच्या दारातून त्यांना दोघी हसताना दिसल्या. मॅडम तर चष्मा काढून डोळे पुसत होत्या. एवढ्या गंभीर प्रसंगी हसण्यासारखं काय घडलं असावं याचा त्यांना उलगडा झाला नाही, आणि विचारलं तर आपल्याला चौथ्यांदा पार्किंगला जावं लागेल अशी शंका मात्र त्यांना आयुष्यात प्रथमच आली.

निकाल अठरा जूनला लागला. पत्र आणि झाकणं एकदमच घ्यायची होती म्हणून दोघं सेक्टर सतरात गेले. साहेब या वेळी बाकावर बसले. गुप्ताजींनी पाकीट इंद्रायणीबाईंच्या हातात दिलं, त्यांनी ते वाचलं, दीर्घ श्वास घेतला आणि साहेबांकडे दिलं. एकूण चाळीस. साहेबांनी पहिल्यांदा तोच आकडा वाचला आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग शिस्तीप्रमाणे वरपासून एकेक ओळ तपासत ते खाली आले.

शेवटच्या ओळीत लिहिलं होतं, अवघड वरिष्ठ अधिकाऱ्याबरोबर दीर्घकाळ व यशस्वीरीत्या काम केल्याचा अनुभव, चोवीस वर्षं, श्रेयांक चार. पुराव्याच्या रकान्यात, अर्जदाराबरोबर प्रत्यक्ष हजर, परीक्षकांनी स्वतः पाहिला.

साहेबांनी ती ओळ पुन्हा वाचली. त्यांनी आयुष्यात अनेक पदकं मिळवली होती, पण पुरावा म्हणून कुणी त्यांचा स्वीकार केला नव्हता. त्यांचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा, आणि मग त्यांना तीन वेळा बघितलेल्या त्या काचा आणि डिकी आठवली. ‘‘तू मला सांगायचंस तरी,’’ ते म्हणाले.

‘‘सांगितलं असतं तर तुम्ही नीट वागला असतात,’’ इंद्रायणीबाई म्हणाल्या. ‘‘मग चार गेले असते.’’

गुप्ताजींनी वही पुढे सरकवली. साहेबांनीच आखून घेतलेली वही ती, प्रत्येक नगाला स्वतंत्र ओळ. इंद्रायणीबाई झाकणागणिक सही करत गेल्या. बावीस झाल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं, तर गुप्ताजींनी बोट आणखी एका ओळीवर ठेवलं.

‘‘मॅडमजी, तेईस.’’

साहेब म्हणाले, झाकणं बावीसच आहेत, मी स्वतः मोजून दिली होती. गुप्ताजींनी चष्मा डोळ्यांवर चढवला, साहेबांना डोक्यापासून पायापर्यंत एकदा नीट न्याहाळलं, वहीतल्या वर्णनाशी ताडून पाहिलं आणि म्हणाले, ‘‘सरजी, सबूत है, तो वापसी की साइन भी लगेगी. आप ही ने बताया था.’’

इंद्रायणीबाईंनी पेन पुन्हा उचललं आणि तेवीस नंबरचा नग ताब्यात घेतला. साहेबांनी सवयीने वाकून पाहिलं. पूर्ण नाव होतं, तारीख होती, ठिकाण होतं. त्यांना काढण्यासारखी एकही चूक सापडली नाही. मग ते हातमोजे घालून झाकणं उचलायला लागले, आणि पहिलं झाकण उचलायच्या आधी थांबून त्यांनी विचारलं, ‘‘आधी कुठलं नेऊ?’’